युरिया पिणारी गाडी

अमरावतीत माझं लांब गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आमच्याकडे माल नाहीतर माणसं नेणाऱ्या लांब गाडीला, बनवणारा कोणीही असो, मेटॅडोरच म्हणतात. त्यामुळे गिऱ्हाइकं माझ्या पाठीमागे मला मेटॅडोरवाली आजी म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत नाही, पण मला ते ऐकू येतं आणि आवडतंही. वय बहात्तर. चष्मा आहे, गुडघे कुरकुरतात. तरी वर्तमानपत्रात गुंडाळलेला झिजका तुकडा कोणी समोर ठेवला, की कागद उघडायच्या आधी नुसत्या वजनावरून सांगते की हा पुढच्या चाकाचा किंगपिन, ही क्लचची बेअरिंग. दहातून नऊ वेळा बरोबर येतं. दहाव्या वेळी मी म्हणते, कागद ओला आहे.

यावरून कोणाला वाटेल की बाई जन्मापासून हुशार. ते तसंच वाटू द्यावं असं फार मनात आहे, पण लिहायला बसले आहे तर खरं लिहिते.

लग्न होऊन नांदगाव खंडेश्वरजवळच्या मळ्यात आले तेव्हा मी वीस वर्षांची होते. माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. मॅट्रिक पास, त्यामुळे मान अशी ताठ की मडकं ठेवलं तरी हललं नसतं. सासरी वांगी, मेथी आणि झेंडू. माल अमरावतीच्या बाजारात न्यायला माझ्या नवऱ्याने एक जुनी मेटॅडोर घेतली होती. तिचं इंजिन नाकात नव्हतं, पोटात होतं. ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. उन्हाळ्यात मांडी भाजायची. थंडीत त्याच झाकणावर गोधडी टाकून मी माझ्या मुलाला झोपवायची. त्या इंजिनाच्या उबेवर वाढलेला मुलगा पुढे म्हणू लागला की मला गाड्यांचा नाद नाही. पण ते नंतर.

एकदा त्या गाडीचा दम गेला. चढ आला की धापा टाकायची. मिस्त्री मळ्यात आला, त्याने इंजिनाचं हेड उतरवलं, आठही व्हॉल्व्ह काढले, एका पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यांत ओळीने खोचले आणि जेवायला गेला. मी पाहिलं तर ते काळेकुट्ट, काजळी धरलेले. नवी सून, घरात पाहुणा मिस्त्री, आणि असली घाण ओसरीवर. मी चिंच घेतली, राख घेतली आणि आठही घासून लख्ख केले. चार मोठे होते, चार लहान. सुपात वाळवले आणि चकाकी पाहून पुठ्ठ्यात परत लावले, सगळ्यात चकचकीत तो पहिला. पूजेची उपकरणी लावतात तसे.

मिस्त्री आला. सुपारी तोंडात टाकायला उचललेला हात तसाच राहिला.

"वहिनी, हे तुमी घासले?"

"हो. लय खराब झाले होते."

तो खाली बसला. "वहिनी, हे आठ घरचे आठ जावई होते. प्रत्येकाचं घर येगळं. तुमी आंघोळ घालून एका पंगतीत बसवले. आता कोन कोन्या घरचा, तुमीच सांगा."

मी म्हटलं, "याईच्यावर लिहायचं होतं ना मंग नाव."

मॅट्रिकचा ताठा, दुसरं काय. गोष्ट अशी की प्रत्येक व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्याच जागेवर आपटून तिच्याशी जुळलेला असतो. जागा बदलली की फटीतून दाब निसटतो. मग सगळे पुन्हा घासून बसवावे लागतात. मिस्त्रीने एक लाकडी काठी काढली, तिच्या टोकाला रबराची वाटी. ती व्हॉल्व्हवर चिकटवायची, कडेला खरखरीत काळं मलम लावायचं आणि काठी दोन तळव्यांमध्ये धरून रवीसारखी फिरवायची. ताक घुसळता येतं का, त्याने विचारलं. येतं म्हटल्यावर काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः उरलेली सुपारी खात बसला. दोन दिवस मी लोखंड घुसळलं. तळहाताला फोड आले. प्रत्येक जागेवर रॉकेल ओतून तो खालून बोट फिरवून पाहायचा, ओल लागली की म्हणायचा, "अजून लोनी नाई आलं." तिसऱ्या दिवशी गाडी चढाला लागली आणि धाप टाकली नाही. त्या दिवशी मला कळलं की मला हे काम आवडतं. सासूबाईंना मात्र कळलं की सून बिघडली.

मग मीच माहेरच्या निमित्ताने अकोल्याला जाऊन गाडीचं सामान आणू लागले, आणि पुढे अमरावतीत रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान टाकलं. या धंद्याचा एकच कायदा होता, नमुना आणा. गाडीचं पुस्तक कोणाजवळ नसायचं. आणि एकाच गाडीत एका साली वॉशर जाड, पुढच्या साली पातळ, बुशाचं भोक कधी इकडे कधी तिकडे. म्हणून मिस्त्री झिजलेला तुकडाच कागदात बांधून पाठवायचा. मी तो तळहातावर घ्यायची, फळीवरचा नवा दुसऱ्या हातात घ्यायची, डोळे मिटून दोन्ही चाचपायची. नमुना खोटं बोलत नाही. माणूस म्हणतो गाडी हळू चालवतो. ब्रेकचा झिजलेला ड्रम सांगतो की किती हळू.

गाड्या माझ्या डोळ्यांदेखत बदलल्या. इंजिन पोटातून नाकात गेलं आणि ड्रायव्हरांच्या मांड्या थंड झाल्या. स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर खाली आला. पुढचा पाट्यांचा सांगाडा गेला, चाकं आपापल्या स्प्रिंगवर नाचू लागली, तेव्हा माझ्या किंगपिनांची अर्धी फळी ओस पडली. पॉवर स्टिअरिंग आलं. पूर्वीचा ड्रायव्हर मनगटावरून ओळखू यायचा, आता पोटावरून येतो. टर्बोची शिट्टी आली. डिझेलचा जुना पंप मिस्त्री उघडून बसायचा, त्याच्या जागी सगळं डिझेल एका नळीत कोंडून दाबाने उडवणारं यंत्र आलं आणि त्याच्यावर पहारा करायला सेन्सर. माझ्या दुकानात आधी हजार लहान डब्या होत्या, रबरं, चकत्या, पिना. आता मोठे खोके आहेत. एक रबर फाटलं तरी अख्खा पंप घ्या. मी कुरकुर करते, पण खोटं कशाला बोलू, या गाड्या अर्ध्या डिझेलमध्ये दुप्पट माल ओढतात, आणि ब्रेक दाबला की उभ्या राहतात. आमची जुनी विचार करून थांबायची.

माझी नात मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. ती दुकानात बसू लागली आणि गाडीचा नंबर मोबाईलमध्ये टाकून भागाचं चित्र काढू लागली. नमुना नको, वजन नको, डोळे मिटायला नको. मी आठवडाभर तिच्याशी कामापुरतं बोलले. मग तिने एक नवी लांब गाडी घेतली, मळ्याचा माल न्यायला आणि एरवी सेमाडोहच्या जंगलात प्रवासी न्यायला. ही धुराच्या नव्या नियमाची गाडी, युरिया पिणारी. डिझेलशेजारी निळ्या झाकणाची वेगळी टाकी. त्यातला युरिया धुरावर फवारला जातो आणि धुरातलं विष मरतं. नातीने मला हे सगळं नीट समजावलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आता ती गोष्ट. चार वर्षं झाली. मी तेव्हा तरुण होते, जेमतेम अडुसष्टची, आणि तरुणपणी माणूस मूर्ख असतो.

मुलगा मळा पाहतो. त्याला ही गाडी पहिल्या दिवसापासून खुपत होती. नातीला पुण्याच्या एका कारखान्याने नोकरीला बोलावलं होतं, तिने ते पत्र तसंच ठेवलं होतं. दसरा जवळ आला, झेंडू भरात आला, तेव्हा मळ्यातल्या घरी जेवताना तो म्हणाला, "पाह्य पोरी, दसऱ्याचा झेंडू अकोल्याले येळेवर पोचव. पोचला तर मी पुन्यांदा बोलनार नाई. गाडी रस्त्यात बसली, तर ते विकाची आन तू पुन्याले जाची."

"बसनार नाई, बाबा."

"तुह्या गाडीचं काई सांगता येत नाई. जुनीले दोन शिव्या देल्या की चालू व्हायची. हे कोन्या भाषेत समजते?"

नात हसली आणि म्हणाली, ठरलं. पण तिची भाकरी अर्धीच राहिली, ते मी पाहिलं. झेंडूचं गणित सगळ्यांना माहीत आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत तो बाजारात पाहिजे. दसरा झाला की त्याला गुरंही हुंगत नाहीत.

तोडणी चालू होती. नात शेतात जाताना म्हणाली, "आजी, गाडीत युरिया कमी दाखवून राहिली. आल्यावर ओतते मी."

मला वाटलं, पोरीचं एक काम हलकं करावं. चाळीस वर्षं दुकान चालवलेली मी, एक टाकी भरता येऊ नये? गोदामात गेले. तिने आणलेला डबा ताडपत्रीखाली होता, तो मला दिसला नाही. दिसलं ते युरियाचं पोतं, कपाशीला द्यायचं. युरिया तो युरिया. एका बादलीत विहिरीचं पाणी घेतलं, दोन मुठी टाकल्या. नवी गाडी, पोट नाजूक, म्हणून पातळच केला, फवारणीला करतो तसा. आणि मी काही अडाणी नव्हे, धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेतला. निळं झाकण काढून नरसाळं लावलं आणि ती बादली ओतली, मग तशीच आणखी एक.

संध्याकाळी नातीने काटा पाहिला. "भरलं तुमी?"

"भरलं."

"वा, आजी."

त्या 'वा'वर मी नीट जेवले. रात्री झोपही छान लागली.

सकाळी कॅरेट भरली, वर बांधायला ताडपत्री काढली तेव्हा तिच्याखालचा युरियाचा डबाही सामानाबरोबर गाडीत गेला, आणि आम्ही दोघी निघालो. मी शेजारी बसले होते, मळ्यातून अकोल्याला माहेरी जायचं म्हटलं की मी अजून काजळ घालते. बडनेरा मागे पडलं आणि समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. थोड्या वेळाने अक्षरं आली. नातीने वाचली, ओठ घट्ट मिटले, आणि गाडीचा जोर असा कमी झाला की मागून आलेला सोयाबीनचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला.

तिने एका चहाच्या टपरीजवळ गाडी बाजूला घेतली. "युरिया खराब आहे म्हनते. असाच चालवला तर काई किलोमीटरनं बंद करीन, आन मंग सुरूच नाई होनार." ती मागे गेली, कॅरेट हलवली आणि डबा घेऊन आली. सील शाबूत. तो तिने माझ्या पायाशी ठेवला. निळं झाकण उघडलं, कडेला पांढरी खपली आणि धोतराचा एक धागा होता. तिने धागा दोन बोटांत धरून पाहिला.

तेवढ्यात मुलाचा फोन. तिने स्पीकर लावला.

"कुठं पोचल्या?"

"बडनेऱ्याच्या पुढं. थांबलो थोडं."

"बसली ना."

"युरियात गडबड झाली, बाबा."

"ओतायच्या आंधी पाहून घ्याचं होतं ना. एवढं शिकून काय केलं मंग?"

नातीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. माहीच चूक झाली."

मी तिथल्या तिथे बोलले असते तर ही गोष्ट सांगायला किती सोपी झाली असती. मी बोलले नाही. मेटॅडोरवाली आजी, नऊ वेळा बरोबर येणारी. रस्त्यावरून चार ट्रक गेले, ते मी मोजले. चौथ्यानंतर हात पुढे केला आणि फोन घेतला.

"म्या ओतलं."

"काय?"

"युरिया. पोत्यातला. पोरीले मालूम नव्हतं."

"कपाशीचा?"

"गाळून ओतला."

"माय, तू दुकान चालवते ना याच गोष्टीचं?"

"चालवते म्हनूनच सांगून राहिली, तिले बोलू नको."

"प्रमान काय घेतलं?"

"बादलीले दोन मुठी."

"कपाशीले पुरलं असतं," तो म्हणाला, आणि मला त्याचं हसू दाबलेलं ऐकू आलं. पण लगेच आवाज कोरडा झाला. "ते काई असो. बाजार दुपारी उठते. कोनाच्यानं का होईना, गाडी बसली तर बसली. ठरलं ते ठरलं."

नातीने फोन खिशात ठेवला, ओढणी कमरेला बांधली आणि गाडीखाली शिरली. टाकीचं बूच काढून सगळं पाणी बाजूच्या बाभळीच्या बुडात सोडलं. मला म्हणाली, शेजारच्या टायरवाल्याकडून बॅटरीचं शुद्ध पाणी आणा, असतील तेवढ्या बाटल्या. विहिरीचं चालत नाही, त्यातल्या क्षारांनीच घात केला होता. मी पळाले. म्हणजे माझ्या गुडघ्यांच्या मानाने पळाले. टाकी दोनदा विसळून झाली. मग तिने धुराच्या नळीवरचा फवारा मारायचा नोझल खोलला. त्याच्या तोंडावर पांढरं कवच बसलं होतं.

मी अंबाड्यातला आकडा काढला. "दे, खरवडून देते."

"आजी, हात नका लावू." आवाज चढवला नाही तिने. "याचं भोक केसाहून बारीक आहे. एक चरा पडला तर फवारा वाकडा उडन, आन मंग नवाच नोझल. हे पानी गरम करून आना. भिजलं की आपोआप सुटते."

मी बॅटरीचं पाणी टपरीवाल्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, "आजी, पत्ती कितीक टाकू?"

"टाकू नको बाप्पा, गाडीले पाजाचं आहे."

त्याने पातेलं धुतलं, मग तेही बॅटरीच्याच पाण्याने विसळायला लावलं मी, आणि पाणी गरम करून दिलं. नोझल वाटीत बुडवला. कवच खडीसाखरेसारखं कडेने विरघळू लागलं. ऊन चढत होतं, मागे कॅरेटमधला झेंडू तापत होता, तिची गाडी, तिचं इथे राहणं, सगळं त्या वाटीत होतं, आणि पोरगी उकिडवी बसून शांतपणे पाहत होती. एकदा पाणी बदललं. पुन्हा पाहत बसली. मी आयुष्यात पुष्कळ मिस्त्री पाहिले, हातोडीवाले, शिव्यावाले, सुपारीवाले. घाईत असताना वाट पाहू शकणारा त्यांत एकही नव्हता. मी तरी होते का? माझ्या हातात अजून तो आकडा होता. मी तो हळूच अंबाड्यात खोचला.

नोझल उजेडाकडे धरून तिने आरपार पाहिलं, बसवला, सीलबंद डब्यातला युरिया ओतला. स्टिअरिंगखाली गाडीची तक्रार वाचणारं बोटाएवढं यंत्र खोचलं, मोबाईलवर काहीतरी दाबलं, चावी दोनदा फिरवली. पिवळा दिवा दुसऱ्यांदा लागला नाही. तिने गाडी रस्त्यावर घेतली आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे सोयाबीनचा तो ट्रॅक्टर गाठला. ओलांडताना तिने हॉर्नही वाजवला नाही. मी काच खाली करून हात दाखवला.

अकोल्याच्या बाजारात पोचलो तेव्हा लोक झेंडूवर तुटून पडले होते. दुपार टळायच्या आत शेवटचं कॅरेट उतरलं. मी प्रत्येक व्यापाऱ्याला सांगत होते, ही माझी नात, इंजिन रस्त्यावर खोलते. चौथ्याला सांगताना मागून आवाज आला, "आजी, युरियाचंही सांगा त्यांले." सांगितलं. तेव्हापासून आमच्या दुकानात निळ्या डब्यांवर मी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, 'पोत्यातला चालत नाही'. शेतकरी वाचून हसतात. मग हळू आवाजात विचारतात, खरंच नाही का चालत, म्हणजे काय होतं. मला कळतं, हाही ओतून आलेला आहे. त्याला मी खुर्ची देते.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे ज्याची अवजारं त्याने पुजायची. मुलाने नांगर, पंप, विळे मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग नारळ घेऊन गाडीपुढे जाऊन उभा राहिला. जुन्या मेटॅडोरचा नारळ त्याचे वडील फोडायचे, पुढच्या सगळ्या गाड्यांचा तो. नात ताट घेऊन बाजूला उभी होती. तो बराच वेळ बंपरला अडकवलेल्या फुलांची माळ सरळ करत राहिला, ती आधीच सरळ होती. मग त्याने नारळ तिच्या हातात दिला.

तिने एका घावात फोडला. मी उगाच पदर डोळ्याला लावला, उदबत्तीचा धूर फार होता.

खोबरं वाटून झालं तेव्हा तो चपला घालता घालता म्हणाला, "दिवाळीचा झेंडू औंदा नागपूरले न्यावा म्हनतो. तुही गाडी येईन का?"

तिने तुकडा चावून संपवला. घाई केली नाही.

"पाह्यते, बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी सेमाडोहचे प्रवासी नसले तर सांगते."